श्रुतलेखनाचा वेगळा अवतार: डिक्टोग्लॉस

श्रुतलेखन म्हटलं की शुद्धलेखनाच्या चुका आणि लाल पेन आठवतं. ऑस्ट्रेलियातल्या रूथ वाजनरिब यांनी १९९० च्या 'ग्रामर डिक्टेशन' या पुस्तकात त्याचं रूपच बदललं. या पद्धतीला डिक्टोग्लॉस म्हणतात.

शिक्षक चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने वाचतात. पहिल्या वेळी मुलं फक्त ऐकतात, दुसऱ्या वेळी हाती लागतील ते शब्द टिपतात. सगळं लिहून घेणं जमतच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे! मग तीन-चार जणांचा गट आपापली टिपणं जुळवून उतारा पुन्हा उभा करतो. शब्द वेगळे चालतात, पण अर्थ आणि व्याकरण बरोबर हवं. शेवटी मूळ उताऱ्याशी तुलना.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानंतर इतर माध्यमांच्या शाळांतही मराठी सक्तीची झाली, तिथे हे करून पाहण्यासारखं आहे. हिंदीभाषक मूल 'त्याने पुस्तक वाचली' लिहितं, कारण त्याच्या डोक्यात 'किताब' स्त्रीलिंगी असते. गटातलं दुसरं कुणी 'वाचलं' म्हणतं आणि वाद सुरू होतो. शिक्षकाने तेव्हा मधे पडू नये, कान देऊन नोंद करावी. कोण कुठे अडतंय हे त्या वादातून जितकं कळतं, तितकं गाळलेल्या जागा भरून घेऊन कळत नाही, असं माझं ठाम मत.

फक्त उतारा सोपा निवडा. नवे शब्द फार असले तर मुलं व्याकरणापर्यंत पोहोचतच नाहीत. आणि गटाला गुण देऊ नका. हुशार मूल एकटंच लिहून मोकळं होतं.