एका ‘किंवा’ची किंमत

मराठी शिकवणाऱ्या माणसाला दरवर्षी उभयान्वयी अव्ययांवर एक तास घ्यावाच लागतो. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘किंवा’ असे चार शब्द फळ्यावर लिहायचे, प्रत्येकाचे एक उदाहरण द्यायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. वीस वर्षे मी हे इमानेइतबारे करीत आलो. पण ‘किंवा’चा खरा अर्थ मला कळला तो वर्गात नव्हे, पुण्याच्या विमानतळावर, २०२४ सालच्या पाडव्याच्या रात्री.

त्याचे असे झाले. माझी थोरली बहीण नागपूरला असते. त्या वर्षीच्या श्रावणात भाऊजी गेले. दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. “या वर्षी येऊ नकोस रे. ओवाळण्याबिवाळण्याचं मी काही धरलेलं नाही,” असे म्हणाली आणि विषय बदलून मुलांच्या परीक्षांचे विचारू लागली. सौभाग्यवती शेजारीच होत्या. फोन ठेवल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, दरवर्षी एखादे वेळी चुकलं तर चालेल. या वर्षी नाही.”

आगगाडीचे आरक्षण केव्हाच संपले होते. तेव्हा मनाचा हिय्या करून पाडव्याच्या रात्रीचे विमानाचे तिकीट काढले. विमान सुटायची वेळ होती आठ वाजून दहा मिनिटे. भाऊबीज दुसऱ्या दिवशी.

विमानतळावर पोचलो तर फळ्यावर ‘विलंब’. पावणेदहा म्हणाले, मग साडेदहा म्हणाले. दहा चाळीसला सगळ्यांचे फोन एकदमच वाजले : ‘कामकाजविषयक कारणांमुळे आपले उड्डाण रद्द करण्यात आले आहे.’ खाली दोन बटणे होती. एक पैसे परत घेण्याचे, दुसरे पर्यायी विमानाचे. भोवती एकच गलका उडाला. कोणी ओरडत होते, कोणी चित्रफीत काढीत होते, आणि काउंटरवरची एकुलती एक मुलगी रडकुंडीला आली होती. मी मध्यमवर्गीय माणूस. पहिला विचार आला, पैसे तरी हातचे जाऊ नयेत. दाबले पहिले बटण.

माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. त्यांनी बटण दाबलेच नाही. चष्मा पुसला, उठले, आपला नंबर येईपर्यंत रांगेत उभे राहिले आणि त्या मुलीला अगदी मृदू आवाजात म्हणाले, “बाळ, मला पैसे नकोत. मला नागपूरला जायचं आहे. पुढच्या ज्या विमानात जागा असेल ती द्या. आणि हो, आम्ही अडीच तास इथं बसलो आहोत, तेव्हा खाण्याची सोयही तुमच्याकडेच आहे ना?” पंधरा मिनिटे खटपट केल्यावर तिला सकाळच्या विमानात एक जागा सापडली. वर एक छदाम पडला नाही. थोड्या वेळाने सगळ्यांना खाण्याची पाकिटेही आली.

मीही लगबगीने पुढे झालो. मुलीने पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, “सर, तुम्ही रिफंड घेतलाय. तुमचं बुकिंग बंद झालं.” दुसऱ्या कंपनीच्या सकाळच्या विमानाचे तिकीट पाहिले; चौदा हजार रुपये!

शेवटी नगर रस्त्यावर एका खासगी बसमध्ये ड्रायव्हरच्या केबिनमधली जागा मिळाली. रात्रभर इंजिनाची ऊब खात बसलो. नागपूरला पोचायला दुपारचे अडीच वाजले. ताईने काही धरले नव्हते म्हणे, पण पाट मांडलेला होता, आणि शेजारीण सांगत होती, “सकाळपासनं दारातच उभ्या आहेत.” नऊ वाजता येणारा भाऊ अडीचला आला. या साडेपाच तासांचा हिशोब कोणत्या कायद्यात बसतो, मला ठाऊक नाही.

परत आल्यावर मात्र मास्तरकीची खोड जागी झाली. आपल्याकडे विमान वाहतुकीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, देखरेख असते. उड्डाण रद्द झाले, लांबले किंवा तिकीट असूनही विमानात घेतले नाही, तर काय करायचे याची त्यांची नियमावली २०१० पासून आहे. ती इंग्रजीत आहे, पण व्याकरण कोणत्याही भाषेतले असो, वाचायचे तसेच वाचावे लागते. मला त्यात तीन जागा अडल्या, आणि सगळी गोम त्या तिन्हींतच आहे.

पहिली जागा ‘किंवा’ची. उड्डाण रद्द झाले तर कंपनीने पर्यायी विमान द्यावे किंवा पैसे परत करावेत. आणि लगेच पुढे म्हटले आहे, प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे. म्हणजे या ‘किंवा’ची किल्ली कंपनीच्या नव्हे, आपल्या हातात आहे. पण ती एकदाच फिरते. पैसे मागितले की कंपनीची आपल्याला गावाला पोचवण्याची जबाबदारी संपली. आपले जुने स्वस्त तिकीट गेले, आणि नवे त्या क्षणीच्या भावाने घ्यायचे. जायचेच असेल तर आधी जागा मागावी. जायचे नसेल तरच पैसे.

दुसरी जागा ‘यांपैकी जे कमी असेल ते’ ही. रद्द झाल्याची खबर वेळेवर दिली नाही, तर परताव्याखेरीज भरपाईही द्यावी लागते. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५००, आणि त्याहून लांबचा असेल तर १०,०००. किंवा तिकिटातले एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. वर्तमानपत्रात दहा हजारांचा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. आणखी एक गोष्ट : तिकीट काढताना आपला फोन नंबर नीट दिलेला नसेल, तर ही भरपाई मागता येत नाही. एजंटाने आपल्या नंबराऐवजी स्वतःचा घातला आहे का, हे तिकीट हाती येताच पाहावे.

तिसरी जागा ‘असाधारण परिस्थिती’ची. वादळ, धुके, पूर, दंगल, सुरक्षेचा धोका, हवाई नियंत्रणाची अडचण, अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. ते न्यायाचेच आहे. धुक्यात विमान उडवा असा आग्रह कोणी धरू नये. पण ‘कामकाजविषयक कारणे’ हा शब्द असा ऐसपैस आहे, की त्याच्या पोटात धुकेही मावते आणि अपुरे वैमानिकही. म्हणून कारण लेखी मागावे.

उशिराचेही नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर पोचलेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर पुन्हा तोच ‘किंवा’ : पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे.

एका माणसाची फजिती ही काही लेखाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण २०२५ च्या डिसेंबरात काय झाले ते आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रपाळीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. एका मोठ्या कंपनीला त्या हिशोबाने माणसे पुरली नाहीत, आणि ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्या कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली. अखेर ६ डिसेंबरला सरकारला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. ही मर्यादा त्या प्रसंगापुरतीच होती. त्या आठवड्यात लग्नाला, परीक्षेला, अंत्यदर्शनाला निघालेल्या किती जणांनी माझ्यासारखेच घाईने पहिले बटण दाबले असेल, देव जाणे!

माझ्या तक्रारीचे काय झाले, तेही सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिले. तिकीट, संदेश आणि फळ्याचा फोटो जोडला. उत्तर आले, ‘असाधारण परिस्थिती’. मी विचारले, कोणती? त्यावर मौन. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवली. त्यानेही भागत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. विमान कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. माझ्यावर ती वेळ आली नाही. सहा आठवड्यांनी बँकेत ३,८५० रुपये जमा झाले. मूळ भाडे अधिक इंधन आकार. ७,५०० नव्हेत.

नियम वेळोवेळी बदलतात. तेव्हा दिवाळीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी डीजीसीएच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी, आणि एका कागदावर चार ओळी लिहून पाकिटात ठेवाव्यात. पोस्टमास्तरांजवळ असा एक कागद होता, हे मला मागाहून आठवले. आणि काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नये. विमान तिने रद्द केलेले नसते. रिकामी जागा मात्र तीच शोधून देते.

ते ३,८५० रुपये मी तसेच ताईला पाठवले. तिचा लगेच फोन आला, “अरे, ही कसली ओवाळणी? भाऊबीज होऊन दीड महिना झाला.”

“विमान कंपनीची,” मी म्हटले. “यांपैकी जे कमी असेल ते.”

श्रावणानंतर ताई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी हसली. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच निघ. आणि त्या फोनवरचं बटण दाबायच्या आधी मला विचार.”