न सुटलेला खून

शेरलॉक होम्सच्या कथा मराठी वाचकांस चांगल्याच परिचित आहेत. कोणी संकटग्रस्त मनुष्य बेकर स्ट्रीटवर येतो, होम्स चार खुणा न्याहाळतो आणि शेवटच्या पानापर्यंत सारें कोडें उलगडतें. पुरेशी बुद्धि चालविली कीं सत्य हातीं लागतेंच, ही श्रद्धा या कथांच्या मुळाशीं आहे.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंत या श्रद्धेला तडा गेला. डॅशिएल हॅमेट व रेमंड चँडलर यांच्या कादंबऱ्यांत पोलीस लांच खातात, धनिक कायदा विकत घेतात आणि खुनी सांपडला तरी शहर होतें तसेंच राहतें. १९४५ सालीं पॅरिसच्या गालीमार या प्रकाशनसंस्थेनें अशा कादंबऱ्यांची 'सेरी न्वार', म्हणजे 'काळी माला', सुरू केली. 'न्वार' हें नांव पुढें या वाङ्मयाला कायमचें चिकटलें.

या काळ्या कथांतील डिटेक्टिव्हाला खुनापासून अलिप्त राहतां येत नाहीं. होम्सला खून हें कोडें वाटतें. याला तें ऋण वाटतें. व्हेरा कॅस्परी यांच्या 'लॉरा' या कादंबरीवरून ओटो प्रेमिंजर यांनीं १९४४ सालीं चित्रपट काढला. त्यांतील अधिकारी मृत स्त्रीच्या घरीं बसून तिचीं पत्रें वाचतो, तिची तसबीर पाहतो आणि तिच्यावरच अनुरक्त होतो.

या वेडाची सर्वांत कठोर परीक्षा स्विस लेखक फ्रीडरिख ड्युरेनमाट यांनीं 'वचन' या १९५८ च्या जर्मन कादंबरींत घेतली. एका लहान मुलीचा खून होतो. खुनी शोधीन, असें वचन मथेई हा पोलीस अधिकारी तिच्या आईला देतो. एक फेरीवाला कबुली देऊन गळफास घेतो आणि पोलीस प्रकरण मिटवितात. मथेईचा मात्र त्यावर विश्वास बसत नाहीं. तो नोकरी सोडतो, खुनी ज्या रस्त्यानें जाईल असा त्याचा तर्क असतो तेथें पेट्रोलपंप चालवितो, आणि मृत मुलीसारखी दिसणारी एक मुलगी आमिष म्हणून जवळ ठेवतो. खुनी येत नाहीं. मथेई वर्षानुवर्षें वाट पाहत राहतो आणि दारूच्या आहारीं जातो.

त्याचा तर्क अचूक होता. खुनी निघालाहि होता. वाटेंत मोटार-अपघातांत तो मेला, एवढेंच. ड्युरेनमाट यांनीं हेंच कथानक आधीं एका चित्रपटासाठीं लिहिलें होतें व त्यांत खुनी पकडला जातो. तो शेवट त्यांना पटला नाहीं. जग तर्काबरोबर यदृच्छेनेंहि चालतें, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं कादंबरी लिहून तिला 'रहस्यकथेचें मृत्युगीत' असें उपशीर्षक दिलें.

सुटलेला खून दप्तरांत बंद करतां येतो. न सुटलेला खून तपास करणाऱ्याबरोबर घरीं येतो. मथेईला वचनभंग सहन झाला नाहीं, ही त्याची थोरवी होय. परंतु तें वचन पाळतांना त्यानें दुसऱ्या एका निष्पाप मुलीला मृत्यूच्या वाटेवर उभें केलें. निष्ठा कोठें संपते आणि वेड कोठें सुरू होतें, याचें उत्तर ही कादंबरी वाचकावरच सोंपविते.