ट्रॅक्टरचा एक सिलिंडर बंद केला, तर डिझेल वाचेल का?



सातगाव पठारावरचे एक शेतकरी मंचरला बटाटा उतरवून रिकामी ट्रॉली घेऊन निघाले होते. त्यांनी विचारलं, "साहेब, इंजिन तीन सिलिंडरचं. रिकाम्या ट्रॉलीला एवढा जोर कशाला? एका नोझलची नळी ढिली करून दोनावर चालवलं, तर डिझेल वाचेल की नाही?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. का, ते पाहू.

जोर सलग नसतो

हवा घेणे, दाबणे, डिझेल जळणे आणि धूर बाहेर टाकणे, या चार धावांपैकी जोर एकाच धावेत मिळतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरचा एकच ठोका. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे करत असेल, तर २,२५० ठोके सारख्या अंतराने पडतात. एक सिलिंडर बंद केला की १,५०० ठोके उरतात, आणि दर तिसऱ्या ठोक्याची जागा रिकामी जाते.

ही रिकामी जागा फ्लायव्हील भरून काढते. जातं ओढताना हाताचा जोर कमी-जास्त होतो, तरी वरचा जड दगड फिरत राहतो, तसंच हे. कुकडी-घोडच्या काठावर धडधडणारी एका सिलिंडरची पाण्याची इंजिनं आठवा. त्यांना मोठं जड चाक याचसाठी असे. ट्रॅक्टरचं चाक मात्र तीन ठोक्यांच्या हिशेबानं बसवलेलं असतं. त्यातून इंजिनाचा वेग निम्म्यावर आणला, तर चाकातली साठवण चौथाईवर येते. मग झटके क्लच, गिअर आणि पीटीओच्या सांध्यांना बसतात.

मग मोटारगाड्यांत कसे जमते?

फोर्ड कंपनीने २०१८ पासून युरोपात तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत हलक्या कामाला एक सिलिंडर बंद ठेवण्याची सोय केली. पण तिथं त्या सिलिंडरचे व्हॉल्व्हही बंद होतात, आणि झटके गिळायला दोन भागांचं स्प्रिंगचं फ्लायव्हील व खास क्लच-प्लेट असते. शिवाय पेट्रोल इंजिनात हलक्या कामाला हवेची वाट अडवावी लागते. बचत मुख्यतः ती अडवणूक कमी झाल्यानं होते. आपल्या डिझेल ट्रॅक्टरात हवा तशी अडवत नाहीत, डिझेलच कमी-जास्त करतात. म्हणून तो फायदा नाही. उलट बंद सिलिंडरचा पिस्टन बाकीच्या दोघांना फुकट ओढावा लागतो.

धोका: ढिल्या नळीतून दाबाखाली उडणारी डिझेलची धार कातडीत घुसते. जखम सुईएवढी दिसली, तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

डिझेल असे वाचवा

१. रिकाम्या ट्रॉलीला वरचा गिअर टाका, थ्रॉटल कमी ठेवा. इंजिन दबू लागले किंवा काळा धूर आला, की खालचा गिअर घ्या.
२. पीटीओच्या कामाला अवजाराला लागणारा वेग कमी करू नका. ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ असेल, तर हलक्या कामाला तो वापरा.
३. एअर फिल्टर वेळेवर साफ करा.
४. गळती थांबवा. सेकंदाला एक थेंब म्हणजे आठ तासांत २८,८०० थेंब.
५. इंजिन आपणहून मिस मारत असेल, तर नोझल व पंप जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

तीन बैलांची ताकद नको असेल, तर एकाला जुवाखाली आडवा पाडू नये; तिघांना सावकाश चालवावे.