हिऱ्यावर ग्रॅफाइटची खूण

शिसपेन्सिलीतला मऊ ग्रॅफाइट हिऱ्यावर खूण उमटवतो, असे कुणी म्हटले तर आपण हसू. पण २००३ साली वेंडी माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच दिसले. त्यांनी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये ग्रॅफाइट धरून तो न तापवता दाबला. दाब १७ गिगापास्कलच्या, म्हणजे वातावरणाच्या सुमारे १ लाख ७० हजार पटींच्या पुढे गेला आणि दाबणाऱ्या हिऱ्यावरच खूण पडली. दाब काढल्यावर मात्र तो पदार्थ पुन्हा ग्रॅफाइट झाला. म्हणजे तो हिरा नव्हता. मग होता तरी काय?

स्फटिकातील अणूंच्या जागा क्ष-किरणांनी कळतात. पण इथे त्यांचे चित्र पुसट होते. म्हणून संशोधक संगणकाकडे वळले.

२००६ साली आर्तेम ओगानोव आणि कॉलिन ग्लास यांनी मांडलेली पद्धत शेतकऱ्याच्या बियाणे निवडीसारखी आहे. संगणक अणूंच्या अनेक मांडण्या यदृच्छेने तयार करतो आणि पुंजयामिकीच्या नियमांनी प्रत्येकीची ऊर्जा मोजतो. कमी ऊर्जेच्या मांडण्या ठेवायच्या, त्यांचा संकर करायचा, थोडा बदल करायचा आणि पुढची पिढी काढायची. या शोधात कार्बनची एक नवी रचना हाती आली. तिला पुढे ‘एम-कार्बन’ हे नाव मिळाले. हिऱ्याप्रमाणे तिच्यातही प्रत्येक अणूला चार शेजारी असतात. पण हिऱ्यातील षट्कोनी कड्यांऐवजी पाच आणि सात अणूंची कडी असतात. गणिताने तिची कठीणता हिऱ्याच्या जवळपास निघाली.

प्रश्न सुटला असे वाटले, तोच ‘बीसीटी-सी४’, ‘डब्ल्यू-कार्बन’, ‘झेड-कार्बन’ असे दावेदार पुढे आले. त्या पुसट चित्राशी थोडेफार सगळेच जुळत होते. निवाडा करायचा कसा?

घाटमाथ्यावरून पाहिले तर खाली अनेक दऱ्या दिसतात. पाणी मात्र सर्वांत खोल दरीत जाईलच असे नाही. वाट मिळेल तिथे ते उतरते. इतक्या दाबाखाली सर्वांत कमी ऊर्जा हिऱ्याची असते, तरी उष्णतेवाचून ग्रॅफाइटला तिथवर पोहोचता येत नाही. म्हणून नुसती ऊर्जा मोजून भागणार नव्हते. ग्रॅफाइटपासून निघणारी वाटही तपासायला हवी होती. २०१२ साली असे गणित झाले आणि सर्वांत सुगम वाट एम-कार्बनची निघाली. त्याच वर्षी येल विद्यापीठातील गटाच्या प्रयोगांनीही त्याच रचनेच्या बाजूने कौल दिला.

आज कार्बनच्या शेकडो रचना कागदावर आहेत. त्यांची सूची करणाऱ्यांना एकच रचना वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा ‘शोधलेली’ आढळली. त्यामुळे नव्या अतिकठीण कार्बनची बातमी वाचली की मी आधी एवढेच पाहतो: तिथे पोहोचायची वाट कुणी दाखवली आहे का?