मोलॅसिसच्या टाकीतलं रसायन



रासायनिक उद्योग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं मुंबई-ठाण्याकडची धुराडी येतात. पण भोकरच्या फडातून उसाची गाडी निघते, तेव्हा तिच्याबरोबर रसायनाचा कच्चा मालही कारखान्यात जातो. त्याचं नाव मोलॅसिस. (आपण शेतात टाकतो ती मळी वेगळी, ती प्रेसमड.) टनभर ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो हा काळा चिकट पाक मागं राहतो. १९६१ च्या नियंत्रण आदेशापासून १९९३ पर्यंत त्याच्यावर सरकारचं नियंत्रण होतं.

त्यात यीस्ट सोडलं की ते उरलेली साखर खातं आणि मद्यार्क तयार करतं; टनाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास. ही विद्या जुनी आहे. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला सोमय्यांच्या कारखान्यात मद्यार्कापासून इथिल अॅसिटेट बनतं, ते रंगात आणि शाईत वापरतात.

खरी अडचण होती पाण्याची. मद्यार्क कितीही वेळा उकळून गाळा, तो ९५-९६ टक्क्यांवर अडतो. राहिलेलं पाणी काही केल्या सुटत नाही, आणि पाणी असलेला मद्यार्क पेट्रोलमध्ये चालत नाही. पूर्वी बेंझिनसारखं विषारी द्रव्य घालून ते काढीत. वाफही भरपूर लागे. मग झिओलाइटच्या खड्यांची युक्ती निघाली. या खड्यांना सूक्ष्म भोकं असतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातल्या तीन भागांएवढी. पाण्याचा रेणू आत शिरतो, मद्यार्काचा मोठा, तो बाहेरच राहतो. आपल्या चाळणीच्या उलटा प्रकार! खडे भरले की त्यातलं पाणी काढून पुन्हा तेच वापरायचे. असा साडेनव्व्याण्णव टक्क्यांच्या वरचा मद्यार्क म्हणजे इंधनाचं इथेनॉल. ते बनवणारी यंत्रसामग्री उभी करणारी पुण्याची प्राज कंपनी प्रमोद चौधरी यांनी १९८३ साली काढली. आज परदेशातही तिचे प्रकल्प आहेत.

२०१८ च्या धोरणानं बी-हेवी मोलॅसिस आणि थेट रसापासूनही इथेनॉलला वाट दिली. इथं सभासदानं कान टवकारावेत. साखर इथेनॉलकडं वळली की पोत्यांवरचा उतारा कमी दिसतो, आणि एफआरपी तर उताऱ्यावर! म्हणून वळवलेली साखर उताऱ्यात मिळवूनच हिशेब व्हायला पाहिजे. वार्षिक सभेत हा आकडा विचारायला लाजू नये. दुसरी गोष्ट म्हणजे, ७ डिसेंबर २०२३ ला ऊस कमी म्हणून केंद्रानं रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन आणलं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठलं. कर्ज काढून प्रकल्प उभारणाऱ्याचं व्याज मात्र त्या काळात थांबत नसतं.

राहिलं स्पेंटवॉशचं. लिटरभर मद्यार्कामागं आठ ते पंधरा लिटर हे गडद तपकिरी पाणी निघतं. ते तसंच ओढ्यात गेलं की विहिरी नासतात, मासे मरतात. आता ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, वाफही मिळते. राखेत पालाश उतरतो, कारण उसानं तो आपल्याच रानातून उचललेला असतो. भारत म्युरेट ऑफ पोटॅश बाहेरून आणतो, तेव्हा ही राख फेकून देण्याजोगी नाही. मोलॅसिसपासूनच्या या पालाश खताला खत नियंत्रणात जागा मिळाली आहे. त्यात किमान साडेचौदा टक्के पालाश असावा लागतो. म्युरेटमध्ये साठ टक्के असतो. म्हणून दुकानात पोत्याचा भाव बघून भुलू नका. म्युरेटच्या एका पोत्याएवढा पालाश मिळायला या खताची तेवढीच मोठी चार पोती लागतात, आणि गाडीभाडंही चार पोत्यांचंच पडतं.