जन्मस्थान आष्टी

शंभर वर्षांपूर्वी आष्टीचा माणूस नगरच्या बाजाराला निघाला, की तो परमुलखात जायचा. आष्टी तालुका बीड जिल्ह्यात आणि बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नगर मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. आता न्यू आष्टी स्टेशनपासून अहिल्यानगरपर्यंतचे ६६ किलोमीटर रेल्वेने जाता येतं. २०२२ च्या सप्टेंबरात ही गाडी सुरू झाली. जुनी सरहद्द कुठे ओलांडली ते डब्यातल्या कुणाच्या गावीही नसतं.

ही सरहद्द नुसती नाण्यांची नव्हती. पलीकडून येऊन निजामाच्या सरकारी नोकरीत शिरायचं, तर ‘मुलकी’, म्हणजे संस्थानचा रहिवासी, असावं लागे. जन्माने मुलकी नसाल, तर १९१९ च्या नियमांनी वाट ठेवली होती: संस्थानात किमान १५ वर्षं कायम वास्तव्य, आणि मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र, की मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार मी सोडून दिला आहे. मुलकी माणसाची बायको मुलकीच धरली जाई. आज टोरांटोला किंवा मेलबर्नला निघालेली पोरं ज्याला ‘पीआर’ (कायम वास्तव्य) म्हणतात, त्याच जातीची गोष्ट पणजोबांच्या काळात आपल्याच तालुक्यात लागू होती!

यातली १५ वर्षं समजण्यासारखी आहेत. नवल वाटतं ते त्या प्रतिज्ञापत्राचं. सरकार माणसाच्या मनातला बेत लिहून मागतं. अमेरिकेचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. स्टुडंट व्हिसाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीने ‘शिकून परत येईन’ हे अधिकाऱ्याला पटवायचं असतं. कायदा तिच्याबद्दल आधीच धरून चालतो, की ही राहायलाच आली आहे; तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तिची. निजामाला ‘परत जाणार नाही’ हवं होतं, अमेरिकेला ‘परत जाईन’ हवं आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला मात्र १९९० च्या कायद्याने यातून मोकळीक दिली. तात्पुरता म्हणून या आणि कायमचं राहायचं मनात असलं तरी हरकत नाही. आपल्याकडच्या इंजिनिअर पोरांची सगळी घालमेल या एका सवलतीतून सुरू होते.

एच-वन-बी कंपनीच्या अर्जावर मिळतो. मंजुरीच्या कागदावर अर्जदार म्हणून कंपनीचं नाव असतं. तुम्ही खाली ‘लाभार्थी’. तीन वर्षं, मग आणखी तीन. नोकरी बदलता येते, पण नव्या कंपनीने नवा अर्ज भरला तर. नोकरी गेली, तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची किंवा निघायचं. दसऱ्यानंतर आष्टी-पाटोद्यातून ज्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि उचल फिटेपर्यंत कारखाना बदलायची सोय नसते. पगाराची तुलना करणं हा दोघांचाही अपमान ठरेल. पण ‘हंगामभर मी कुणाचा?’ हा प्रश्न फडात आणि टेक्सासच्या ऑफिसात सारखाच उभा राहतो. दरसाल ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा; मागणी त्याहून किती तरी जास्त, म्हणून लॉटरी. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात देशाबाहेरच्या नव्या उमेदवारांसाठी कंपनीवर एक लाख डॉलरचा आकार बसला. नवख्या पोरासाठी एवढे पैसे मोजणारी कंपनी शोधून दाखवा.

लॉटरी लागली, सहा वर्षं सरत आली, तेव्हा खरं आश्चर्य पुढे येतं.

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, देते. बायको-मुलं याच आकड्यात मोजली जातात. कोणत्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्केच. भारताला ७ आणि चार लाखांच्या आत वस्ती असलेल्या आइसलँडलाही ७. इतरांच्या उरलेल्या जागा कधी कधी आपल्या रांगेकडे वळतात, पण मूळ वाटणी ही अशी. आणि ‘देश’ म्हणजे पासपोर्ट कुठला, हे नाही. जन्म कुठे झाला, ते. आष्टीच्या दवाखान्यात जन्मलेला मुलगा उद्या कॅनडाचा नागरिक झाला आणि तिथून अमेरिकेत गेला, तरी तो भारताच्याच रांगेत. पासपोर्टवरचा ‘जन्मस्थान’ हा रकाना आपण एरवी वाचतही नाही. तिथे तोच सगळ्यात भारी.

आता यातली चोरवाट पाहा. चोरवाट म्हणतो खरा, पण ती पूर्ण कायदेशीर आहे. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. मुलीचे वडील मस्कतला नोकरीला होते, ती तिथेच जन्मली, पुढे पुण्यात शिकली, आष्टीच्या मुलाशी लग्न झालं. मुलगी पूर्ण मराठी, पासपोर्ट भारतीय, पण हिशेबात ओमानची. तिच्या पदराला धरून नवरा भारताच्या रांगेतून बाहेर. पत्रिकेत असा योग सांगणारा ज्योतिषी अजून माझ्या पाहण्यात नाही.

रांग किती पुढे सरकली, याचा तक्ता अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं. त्यात देशांचे रकाने आणि रकान्यात तारीख. त्या तारखेच्या आधी ज्याची नोंद झाली, त्याचाच नंबर. पदव्युत्तर दर्जाच्या नोकऱ्यांची ईबी-२ नावाची श्रेणी घ्या. सप्टेंबर २०२२ च्या तक्त्यात भारताची तारीख होती १ डिसेंबर २०१४. पुढच्याच महिन्यात ती झाली १ एप्रिल २०१२. एका महिन्यात रांग अडीच वर्षांहून जास्त मागे गेली! ऑक्टोबर २०२५ पर्यंत, तीन वर्षं रखडत, ती एप्रिल २०१३ ला पोचली. त्याच तक्त्यात बहुतेक इतर देशांसाठी २०२३ अखेरची तारीख होती. केटो इन्स्टिट्यूट या वॉशिंग्टनच्या संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला, की नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षं थांबावं लागेल. २००० च्या एका कायद्याने रांगेतल्यांना एच-वन-बी पुनःपुन्हा वाढवून मिळतो, म्हणून संसार चालू राहतात. घरं होतात, मुलं शाळेत जातात. पण मूल २१ चं झालं की ते आईबापांच्या अर्जातून गळतं, आणि तिथेच वाढलेल्या त्या पोराला स्वतःचा वेगळा व्हिसा पाहावा लागतो.

कॅनडाने १९६७ साली वेगळंच यंत्र बसवलं: माणसाला गुण द्यायचे. जन्म कुठला, याला गुण नाहीत. तोवर तिथला इतिहास काही भूषणावह नव्हता. १९१४ ला कोमागाटा मारू जहाजातले शेकडो भारतीय याच देशाने व्हँकुव्हरच्या बंदरातून परत लावले होते. २०१५ पासून एक्सप्रेस एंट्री या पद्धतीत एकूण १,२०० गुण आहेत. पीआर मिळाला की तो तुमच्या नावाचा. मालक बदला, धंदा काढा, टॅक्सी चालवा, कुणी विचारणार नाही. अट एवढीच, की पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहायचं.

या गुणांची वजाबाकी जवळून पाहण्यासारखी आहे. २९ वर्षांचा, अविवाहित, मास्टर्स झालेला, भारतात तीन वर्षं नोकरी केलेला मुलगा घ्या. वयाचे ११०, पदवीचे १३५. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याला ८ आणि बाकी तिन्हींत ७ मिळाले, तर इंग्रजीचे १२४. पदवी आणि अनुभव या दोन्हींना चांगल्या इंग्रजीची जोड म्हणून आणखी १००. एकूण ४६९. आता ऐकण्यात ८ ऐवजी साडेसात पडले असं धरा. इंग्रजीचे ८ गुण जातात, आणि ती जोड ढिली पडल्यामुळे आणखी ५० जातात. हेडफोनमधून एखादं वाक्य निसटलं आणि ५८ गुण बुडाले! पुन्हा परीक्षेची फी भरून ते मिळवता येतात, हे त्यातल्या त्यात बरं.

वयाचे मात्र परत मिळत नाहीत. तिसाव्या वर्षी १०५, पस्तिसाव्या वर्षी ७७, चाळिशीला ५०, पंचेचाळिशीला शून्य.

पुण्या-हिंजवडीत एक वाक्य नेहमी कानावर येतं: ‘एच-वन नाहीच लागला, तर कॅनडा आहेच.’ माझ्या मते हा क्रम उलटा आहे. अमेरिकेच्या रांगेला तुमच्या वयाशी देणंघेणं नाही. विशीत जन्मस्थान आष्टी असतं आणि पन्नाशीतही आष्टीच. कॅनडाचं दार मात्र दर वाढदिवसाला थोडं थोडं लोटलं जातं. राखीव म्हणून ठेवलेला पर्यायच आधी नासतो. म्हणून दोन्ही डोक्यात असतील, तर तिशीच्या आत आधी गुणांची फाईल लावावी. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-वन-बीधारकांसाठी १० हजार खुल्या वर्क परमिटची योजना काढली, ती दोन दिवसांच्या आत भरली. रांगेत उभी असलेली माणसं कडेला काय शोधत होती, ते त्यावरून दिसलं.

गुणांची फाईल लावली म्हणजे काम झालं, असंही नाही. वरच्या मुलाचे ४६९ आज पुरतीलच असं नाही. २०२५ मध्ये कॅनडात आधीच नोकरी करणाऱ्यांना बोलावण्याच्या फेऱ्याही ५१० च्या वर अडल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेंच येणाऱ्यांच्या एका फेरीत ३७९ ला बोलावणं गेलं. म्हणजे पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेझमध्ये घालवलेल्या संध्याकाळी दुसऱ्या मास्टर्सपेक्षा भारी पडू शकतात. जर्मनीत ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याला बी-१ पातळीची जर्मन आली, तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. आयटीआय झालेल्यांनी आणि नर्सिंगवाल्यांनी तर जर्मनीकडे जास्त पाहावं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारच केला आहे.

आणि कुणाला खरोखरच सहा वर्षं कमवून परत यायचं असेल, तर एच-वन-बीसारखा दुसरा कागद नाही. तो त्यासाठीच बनवलेला आहे. घोळ होतो तो तात्पुरत्या कागदावर कायमचा संसार मांडला की.

घरच्यांनी एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक करून घ्यावी. ती कोणत्याही कागदाला लागू आहे. परदेशात स्थायिक असलेल्या भारतीयाला, पुढे नागरिकत्व बदलून ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) झालेल्यालाही, इथे फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन घेता येत नाही. आपली शेती त्याला विकता येते, पण ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. आईने हौसेने दोन एकरांचं बक्षीसपत्र करून दिलं, तरी ते चालत नाही. तिच्या पश्चात वारसाने मात्र तीच जमीन त्याला मिळते. तलाठ्याकडे फेरफार होतो आणि कॅनडाच्या नागरिकाचं नाव आष्टीच्या सातबाऱ्यावर लागतं.