चिपी आणि रातांबा

माझं माहेर पोलादपूरच्या डोंगरात, सासर महाडजवळ दासगावला, सावित्रीच्या खाडीकाठी. कांदळवन मी लग्नानंतरच पाहिलं. पांढरी चिपी २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. तिच्याच जातकुळीतल्या फळांचं सरबत इंडोनेशियात करून विकतात. फळ आंबट, पण आम्हाला आंबटाचं काय कौतुक? माहेरी मे महिन्यात अंगणभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं! साली त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी काही उन्हं खाल्ली की आमसूल काळं पडतं. रंग अँथोसायनिनचा, आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा. बियांच्या तेलाचा घट्ट गोळा सासूबाई पायाच्या भेगांना लावतात. वळीव आला की मात्र सालींना बुरशी, आणि उरल्यासुरल्याला भाव व्यापारी सांगेल तो.